मामांची वांगी आणि माझा मोबाईल

आमचे मामा यावल तालुक्यात भरीताची वांगी लावतात. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मामांच्या पट्टीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, त्याचा रुपया कधी दिसला नाही. पहाटे माल मार्केटला न्यायचा, हमाली-तोलाई द्यायची, अन् लिलावात जो भाव निघेल तो मुकाट्यानं घ्यायचा.

मागच्या थंडीत मी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. जळगावातल्या आमच्या कॉलनीतली तीस-पस्तीस घरं. शनिवारी ऑर्डर, रविवारी सकाळी माल. पहिला फोटो मामांनी असा काढला की वांग्यांपेक्षा त्यांचा अंगठाच मोठा! मग सांगितलं, तोडलेलं वांगं हातात धरा, मागं शेत दिसू द्या, भाव तिथंच लिहा. फळं-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक 2016 पासूनच आहे, हे मामांना पटवायलाच दोन चहा लागले.

पैशांचं वेगळंच. क्यूआर कोड मामीच्या खात्याचा लावला. आता पैसे आल्याची वर्दी मामीच्या फोनवर वाजते, आणि मामा विचारतात, "किती पडले गं?"

एकदा मात्र फसलो. लग्नसराईत एकानं चाळीस किलो सांगितली अन् ऐनवेळी फोनच उचलेना. तोडलेला माल कुठं ठेवणार? त्या रात्री कपाशीच्या काड्या पेटवून गल्लीभर भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या झाल्या. तेव्हापासून दहा किलोच्या वर निम्मे पैसे आधी.

आता हतनूर धरणाकडचा मासे धरणारा एक ओळखीचा मागं लागलाय, "माझाबी ग्रुप काढा ना, सर." बर्फाचा हिशेब अजून जुळत नाहीये.