आधी स्क्रू दाखवा

जुन्या बंदुकीचा फोटो व्हॉट्सॲपवर आला की तो हमखास लॉकप्लेटचाच असतो, म्हणजे घोड्याची यंत्रणा जिच्यावर बसते त्या लोखंडी पट्टीचा. मुकुट, खाली व्ही. आर. (व्हिक्टोरिया रेजिना, म्हणजे राणी व्हिक्टोरिया), पुढे ‘टॉवर’ (लंडनचं शस्त्रागार) नाहीतर ‘एन्फिल्ड’ (तिथला सरकारी कारखाना) आणि साल. सोबत मजकूर : ‘काका, पणजोबांची आहे, सत्तावनच्या बंडातली. खरी ना?’ माझं उत्तर ठरलेलं असतं. लॉकप्लेट राहू दे, आधी स्क्रू दाखव.

नोकरीची सगळी वर्षं भोसरीत टूलरूममध्ये गेली. त्यामुळे बंदुकीकडेही मी एक जॉब म्हणूनच बघतो, आणि अक्षरं हा जॉबवरचा सगळ्यात स्वस्त भाग. पंच करून घेतला आणि हातोडीचा एक घाव घातला की राणी व्हिक्टोरिया हजर. मध्यंतरी एकाने पाठवलेल्या बंदुकीवर ‘टॉवर 1842’ असं ठसठशीत कोरलेलं होतं, आणि बंदूक होती 1853 च्या पॅटर्नची, म्हणजे त्या साली ठरलेल्या नमुन्याची. कारखान्याने अकरा वर्षं आधीच बनवून ठेवली म्हणायची! हॉटेलच्या लॉबीत लावायला असा माल आपल्याकडे भरपूर तयार होतो.

आपल्या लोकांच्या कपाटांतून जास्त करून निघते ती हीच 1853 ची एन्फिल्ड, किंवा तिची नक्कल. ठासणीची, टोपीवर उडणारी (निपल नावाच्या बोंडावर स्फोटक टोपी बसवायची, तिच्यावर घोडा आपटला की बार उडतो), 39 इंची नळी, नळीभोवती तीन कड्या, एकूण लांबी 55 इंच. बंडाचं निमित्त झालेलं काडतूस हिचंच. पण 1857 साली ही रायफल, म्हणजे नळीत आतून पिळाच्या खाचा असलेली बंदूक, हिंदुस्थानात नुकती कुठे येत होती. डमडम, अंबाला, सियालकोट इथे शिकवणी चालली होती आणि बहुतेक शिपायांच्या हातात जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकाच होत्या. तेव्हा ‘सत्तावनची’ हे आधी बाजूला ठेवा.

त्याच्याही आधी एक काम. ठासणीची बंदूक शंभर वर्षांनीही भरलेली सापडू शकते, आणि काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही पेट घेते. गज तोंडातून अलगद आत सोडा, तोंडाशी खूण करा, बाहेर काढून नळीच्या कडेने धरा. गजाचं टोक टोपीच्या निपलपर्यंत पोचायला हवं. चार बोटं अलीकडेच राहिलं तर आत काहीतरी आहे. बंदूक खाली ठेवा, तोंडासमोरून बाजूला व्हा आणि जाणकाराला बोलवा.

आता स्क्रू. त्या काळच्या इंग्लंडमध्ये सगळा कारभार इंचाचा. इटलीत आज बनणाऱ्या नकलांत आटे मेट्रिक असतात. पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी, लावून पाहा. एखादा स्क्रू नंतर कुणी बदललेला असू शकतो, पण सगळेच मेट्रिक निघाले तर विषय संपला. मग स्क्रूच्या दांड्यावर बघा. बर्मिंगहॅमच्या कारागिरांचा माल हाताने कानसून जुळवलेला असायचा. एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसेलच असं नाही, म्हणून ते कानशीच्या धारेने बारीक रेघा मारून ठेवायचे. एका स्क्रूला एक, दुसऱ्याला दोन, आणि तशाच रेघा त्याच्या जागेजवळ. वाड्याच्या लाकडी सांध्यांवर सुतारांच्या खुणा असतात तशाच. त्या रेघा दिसल्या की माझा जीव निम्मा भांड्यात पडतो, कारण बाहेरून न दिसणाऱ्या जागी असली मेहनत नकली माल बनवणारा करत नाही. सरकारी एन्फिल्ड कारखान्यात मात्र अमेरिकेहून यंत्रं आणून एकसारखे, अदलाबदल होणारे भाग काढले जात होते. तिथल्या बंदुकीत या रेघा नसल्या म्हणून घाबरू नका.

पुढचं हत्यार व्हर्निअर. रायफलचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 0.577 इंच, म्हणजे साधारण 14.7 मिलिमीटर. आत पिळाच्या तीन खाचा आणि 78 इंचांत एक फेरा. नळी 39 इंचांची, म्हणजे खाच तोंडापासून बुडापर्यंत बरोबर अर्धा फेरा घेते. गजाला घट्ट चिंधी लावून आत ढकला, गजावर खडूची रेघ मारा आणि ती किती वळते ते बघा. बऱ्याच इटालियन नकलांत पीळ 48 इंचांचा असतो, तिथे रेघ अर्ध्याच्या बरीच पुढे जाते.

‘आत खाचाच नाहीत, म्हणजे नकली,’ असं ठरवून पुष्कळ जण मोकळे होतात. थांबा. बंडानंतर इंग्रजांनी देशी पलटणींच्या हातात रायफल द्यायची नाही असं ठरवलं आणि 1858 च्या पॅटर्नची, दिसायला हुबेहूब एन्फिल्ड पण आतून गुळगुळीत बंदूक काढली. बोअर 0.656 इंच, म्हणजे 16.7 मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे सापडणारी बिनखाचांची बंदूक ही असू शकते, आणि माझ्या मते तिच्यात इतिहास जास्त आहे. सरकारचा अविश्वास दोन मिलिमीटरमध्ये मोजता येतो.

गंज खोटा करणं सोपं आहे. ॲसिड लावलं की झालं. पण असा गंज सगळीकडे सारखा चढतो. टोपीतला मसाला लोखंड खाणारा, म्हणून वापरलेल्या बंदुकीत निपलभोवती खोल खड्डे पडलेले असतात, घोड्याच्या तोंडातली वाटी झिजलेली असते, आणि दस्त्याच्या लाकडाखाली दबलेला नळीचा भाग बराच शाबूत असतो. नळी उतरवून तिथेच बघायचं. इटालियन नकलेवर गार्दोनेच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची चाचणी घेणाऱ्या तिथल्या संस्थेचे, शिक्के असतात, कधी ‘फक्त काळी दारू’ अशी इंग्रजी सूचनाही. चलाख माणूस ते घासून काढतो. पण तिथे खळगा राहतोच. स्टीलची पट्टी आडवी ठेवून पलीकडून उजेड धरला की दिसतो.

पितळी भागांवर ओतकामाच्या खुणा दिसल्या तर मात्र त्यावरून काही ठरवू नका, अस्सल बंदुकीतही ते ओतलेलेच होते.

खरी गंमत खैबरकडच्या मालाची. दर्रा आदमखेल (आता पाकिस्तानात) आणि आसपासचे कारागीर हाताने मार्टिनी-हेन्री, म्हणजे मागून भरायची इंग्रजी रायफल, बनवायचे आणि इंग्रजी शिक्के नुसतं बघून उतरवायचे. मग ‘एन्फिल्ड’ मधला ‘एन’ उलटा, किंवा व्ही. आर. च्या खाली 1905. राणी तर जानेवारी 1901 मध्येच वारली. 2001 नंतर अफगाणिस्तानातून परतणाऱ्या परदेशी सैनिकांनी अशा कितीतरी बंदुका घरी नेल्या. शिक्का खोटा, बंदूक जुनी. हिला मी लॉबीतल्या मालाच्या रांगेत बसवणार नाही. नेपाळी बंदुकांचंही तेच. नळीवर देवनागरी आकडे बघून आपलेच लोक हसतात, पण नेपाळ दरबाराने स्वतःच्या शस्त्रशाळेत एन्फिल्डच्या धाटणीच्या बंदुका बनवल्या होत्या.

राहता राहिला कायदा. शस्त्र कायद्याच्या 45 व्या कलमात जुन्या, कालबाह्य हत्याराला सूट आहे, पण दुरुस्त करूनही ते उडणार नसेल तरच. ‘पणजोबांची आहे’ हे परवान्याला उत्तर नाही, तेव्हा पोलीस ठाण्यात विचारून घ्या. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरते आणि देशाबाहेर नेता येत नाही, मुलगा ह्यूस्टनला असला तरी. आणि मला फोटो पाठवण्याआधी बंदूक बफवर, म्हणजे पॉलिशच्या चाकावर, धरू नका. कडा गोल झाल्या, शिक्के पुसले, की मग मीही काही सांगू शकत नाही.