तुम्ही विचारलंत म्हणून: मशीनवर का नाही शिवत?

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, कुठंही आमच्या गोधड्यांचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला. "दर महिन्याला दहा-बारा जणी जमता, दिवसभर वाकून बसता. मशीनवर दोन तासांत होईल की! हातानं कामून शिवता?" परवा तर भाच्यानं मोबाईलवर मशीन काढून दाखवली, किमतीसकट.

माझं उत्तर एवढंच आहे: उसवता यावी म्हणून.

हे ऐकून लोक हसतात. शिवायची ती टिकावी म्हणून, उसवायला कोण शिवतं? तर आम्ही शिवतो. आमची सुरुवातच मुळी उसवण्यापासून झाली.

२०१६ चा उन्हाळा आठवत असेल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तो. आमचं अंबाजोगाई तिथून तासा-दीड तासाच्या वाटेवर. गल्लीत टँकर आला की हंड्यांची रांग लागायची आणि रांगेत भांडणं. अशात गोधड्या धुणार कशा? पाच-सहा थरांची गोधडी एकदा भिजली की दोघींना उचलत नाही. ती धुवायला वाहतं पाणीच लागतं, पिळायला चार हात लागतात. आदल्या वर्षी दसऱ्याला धुतल्याच नव्हत्या, नुसत्या उन्हात टाकून झटकल्या होत्या. वास यायला लागला होता. तेव्हा समोरच्या मावशी म्हणाल्या, "उसवा की. एकेक थर बादलीत निघंल."

त्यांच्या ढाळजेत, म्हणजे दाराजवळच्या बैठकीत बसून आम्ही चौघींनी पहिली गोधडी उसवली. रोज आंघोळीच्या उरलेल्या पाण्यात एक थर, असं करत आठवड्यात धुऊन झाली. मग ती परत शिवायला दहा जणी आल्या. तेव्हापासून महिन्याचा दुसरा शनिवार ठरून गेला, कारण आमच्यातल्या एकीला तेव्हा बँकेची सुट्टी असते. श्रावण-भादव्यात मात्र बंद. कापड वाळत नाही, आणि ओलसर कापडावर टाका घातला की कुबट वास जन्माचा.

आता मशीनचं सांगते. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा. वरचा खालच्यात अडकलेला आणि बारीक. गोधडीत जातं ते जुनेर, वापरून वापरून विरलेलं. तो टाका उसवायला गेलं की दोऱ्याआधी कापडच फाटतं. हाताचा धावदोरा एकेरी आणि सैल. गाठ कापायची, सुईच्या टोकानं टाका उचलायचा, वीत-वीत दोरा हातात येतो. कापडाला कळतसुद्धा नाही. शिवाय मशीनच्या पायाखालून पाच थर नेताना वरचा थर मागे राहतो आणि चुण्या पडतात. त्या चुण्या रात्री पाठीला बरोब्बर सापडतात.

आमच्यात कापूस भरत नाहीत, हेही विचारतात म्हणून सांगितलं. कापसाची ती गादी. गोधडीच्या पोटात कापडच: धोतर, चादरीचा धड राहिलेला भाग, पोरांचे सदरे. नऊवारीचे चार तुकडे केले की दोन-दोन जोडून वरची आणि खालची बाजू निघते. पण नऊवारी आता मिळते कुठं? सिंथेटिक साड्या ढिगानं येतात. त्या टाक्याखाली घसरतात, आणि अंगावर घेतल्या की घाम टिपत नाहीत. आम्ही त्या तोंडावर नाकारतो. यावरून दोन घरांशी बोलणं बंद आहे.

थर अंथरून चारी कोपऱ्यांवर वरवंटा, कळशी, जे जड असेल ते ठेवायचं. आधी लांब लांब कच्चे टाके. मग कडेनं सुरुवात करून चारी बाजूंनी बसायचं आणि बोटभर अंतर ठेवत फेरे आत आत न्यायचे. जशी गोधडी भरत जाते तशा आपण सरकत सरकत तिच्यावरच येऊन बसतो. मधे शेवटचं चौकोनी तोंड उरतं. ते बंद करायच्या आधी माझी आजी भाकरीचा चतकोर आत ठेवायची. गोधडी उपाशी राहू नये म्हणून. आम्ही ज्वारीचे चार दाणे ठेवतो. मुंग्यांचा विचार आजीनं केला नव्हता.

माझा टाका वाईट आहे, हे कबूल करते. माझं काम सुया ओवण्याचं. बाकी बहुतेकींची नजर साठीपुढची, माझा चष्मा नवा.

पासोडीचंही सांगायला हवं, कारण गावाचं नाव काढलं की कुणीतरी काढतंच. संतकवी दासोपंतांनी 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला तो इथं, आणि तोही पासोडीवर, म्हणजे जाडजूड पांघरायच्या कापडावर. चारशे वर्षं होऊन गेली, अजून जपून ठेवलीय. आमच्यातल्या निवृत्त बाई म्हणतात, "पंतांनी लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं, पासोडी केली कुणी हे कुणी विचारलं नाही." मी म्हणते, वाचलं तरी कुठं कुणी!

पण उसवण्याचं खरं कारण मला गेल्या माघात कळलं.

आमच्यातल्या एक काकू, घरातल्या धाकट्या सून. त्या नव्यानं लग्न होऊन आल्या तेव्हा सासूचं हिरवं इरकल लुगडं हरवलं होतं. काकूंनीच ते माहेरी बहिणीला दिलं असणार, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही. पण घरात लग्न निघालं की मोठी जाऊ हटकून म्हणायची, "आत्याबाईंचं इरकल असतं तर आज नेसले असते." अशी तीस-पस्तीस वर्षं गेली. सासूही गेली. त्या सासूच्या हातची गोधडी काकूंनी उसवायला आणली होती.

तीन थर निघाले. चौथा हिरवा, तांबड्या पदराचा.

कुणी काही बोलेना. उलगडलं तर निऱ्यांच्या जागी ओंजळभर भोक, कडा काळ्या. चुलीपाशी ठिणगी पडली असणार. सासूनं ते कुणाला न सांगता गोधडीच्या पोटात घातलं, वर आणखी थर टाकले आणि शिवून मोकळी झाली. निवृत्त बाईंनी लगेच मोबाईल काढला, "थांबा, फोटो काढून पाठवू तुमच्या जावेला."

काकू नको म्हणाल्या. लुगडं स्वतः बादलीत खळबळलं आणि मागच्या परसात दोरी असताना रस्त्याकडच्या कठड्यावर वाळत घातलं. पदर खाली सोडून. मोठ्या जावेचं घर समोरच आहे. दुपारभर ते तिथं वाळत होतं आणि जाऊ दोनदा दारात येऊन गेली.

ऊन कलल्यावर काकूंनी ते आणलं, होतं तिथंच चौथ्या थराला अंथरलं, भोकावर सदऱ्याचा तुकडा ठेवला आणि माझ्याकडं सुई केली.

"ओव," म्हणाल्या, "लांब दोरा ओव."