मंगळवार पेठेतला शिपाई

सोलापूरच्या १९३० सालच्या मार्शल लॉवर आमची छोटी नाट्यसंस्था नवे नाटक बसवत होती, तेव्हा तालमीत सर्वांत जास्त वाद फाशीच्या प्रवेशावर झाला नाही. तो झाला पोलीस शिपायाच्या एका लहानशा प्रवेशावर. तो वाद ज्या संध्याकाळी मिटला, तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

सोलापूरकरांना घटनाक्रम साधारण ठाऊक असतो. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्यावरून गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे गेले आणि संतापलेल्या जमावाने मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल जवळजवळ उरलाच नव्हता. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी. सोलापूर म्हणजे काय, हे यापेक्षा थोडक्यात सांगता येणार नाही.

मात्र खटला ज्या आरोपावर उभा राहिला, तो चौकीतील पोलिसांच्या हत्येचा होता, आणि हा भाग शहराच्या आठवणीत फिकट झाला आहे. माझ्या संहितेत म्हणून एक प्रवेश होता: चौकीत अडकलेला, मरण्यापूर्वीचा एक शिपाई. त्याला मी नाव दिले नव्हते, कारण खऱ्या मृताच्या तोंडी कल्पित वाक्ये घालणे मला पटत नव्हते. ही भूमिका करणारा मुलगा टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करतो; पाळी संपवून थेट तालमीला येतो, तेव्हा त्याच्या केसांत सुताचे तंतू अडकलेले असतात. त्याने स्वतःच एक कृती शोधली. बाहेर जमावाचा गलका वाढत असताना शिपाई गणवेशाचा पट्टा सोडतो, फेकण्यासाठी हात उचलतो, आणि मग त्यावरचा बिल्ला सदऱ्याच्या कडेने पुसून पट्टा पुन्हा कमरेला बांधतो. शब्द एकही नाही.

आमच्या ज्येष्ठ नटांचा, जे धनशेट्टींची भूमिका करतात, या प्रवेशाला ठाम विरोध होता. प्रेक्षकांची सहानुभूती शिपायाकडे गेली, तर हुतात्म्यांचा अवमान होईल, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते मनापासूनचे होते. आमच्या शहरात १२ जानेवारीला चार पुतळ्यांना हार घालणारी माणसे आजही मोठ्या संख्येने येतात. त्यांच्यासमोर उभे राहायचे तर ही भीती हलक्यात घेता येत नाही.

शेवटी ठरले की, पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीतल्या एका सभागृहात दुसरा अंक लोकांसमोर करून पाहायचा. नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही, दोन बाकडी आणि एक टेबल. आलेल्यांत यंत्रमाग कामगार होते, विडी वळणाऱ्या बाया होत्या; आपसांत बोलणे तेलुगूत आणि आमच्याशी मराठीत. आधी शिपायाचा प्रवेश गाळून अंक केला. टाळ्या चांगल्या पडल्या. मग तोच प्रवेश वेगळा करून दाखवला. पट्टा पुन्हा बांधला गेला तेव्हा सभागृहात कुणीच टाळी वाजवली नाही, आणि क्षणभर मला वाटले की ज्येष्ठांचेच खरे ठरले.

मग मागच्या रांगेतल्या एका वयस्क विडी कामगार बाई म्हणाल्या, “चौघांला फाशी का दिली ते आत्ता कळालं बघा. पुतळे रोज बघतो, पण गुन्हा काय लावला व्हता ते कुणी सांगितलंच न्हाई.”

त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी लगेच विचारले, “मग यांनी केलं होतं का ते?” आणि पुढचा बराच वेळ सभागृह त्याच प्रश्नावर बोलत राहिले: पुरावा कसा गोळा झाला असेल, लष्करी अंमलाखाली साक्ष द्यायला कोण धजावेल, सरकारला शहराला धडा शिकवायचा होता म्हणून हीच चार माणसे का निवडली गेली असतील. आमच्या अंकाने जे प्रश्न उपस्थित करायला हवे होते, ते सगळे त्या एका मूक प्रवेशानंतर आले. हे चौघे निर्दोष होते असे सोलापूर पिढ्यान्‌पिढ्या मानत आले आहे. पण गुन्हाच रंगमंचावर आणला नाही, तर ते निर्दोष कशातून ठरणार? शिपायाचे मरण झाकून ठेवले की फाशी ही नुसती दैवाची गोष्ट होते, आणि तिच्यातला अन्याय दिसेनासा होतो. माझ्या मते ऐतिहासिक नाटकाची खरी जबाबदारी इथेच असते.

परतताना ज्येष्ठ नट फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या तालमीत मात्र त्यांनी न्यायालयाच्या प्रवेशात शिपायाचा तो पट्टा मुद्देमाल म्हणून टेबलावर ठेवायला सुचवले आणि त्याच्याकडे पाहतच धनशेट्टींचा आरोप-नकार म्हणून दाखवला. पट्टा समोर असल्यावर लांब भाषणाची गरज उरत नाही, असे म्हणून आपले स्वगत निम्म्याने कापायलाही त्यांनीच सांगितले. नाटकाची संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवलेल्या संहितेत ते स्वगत तसेच आखूड आहे आणि शिपायाचा प्रवेश पूर्ण आहे.