बकऱ्याच्या कातड्याचं घुमट

तिसरा दिवस, आणि कातडं अजून ओलसरच. मिरजेत कोकणासारखा पाऊस नसतो, पण श्रावणात दुकानातली हवा दमट राहते. घुमट म्हणजे गोव्याचं वाद्य, दोन्ही बाजूंना तोंड असलेल्या मातीच्या मडक्याला कातडं मढवलेलं. त्याला कडक ऊन हवं. शेवटी दुपारी चुलीपासून हातभर अंतरावर ठेवलं आणि दर दहा मिनिटांनी फिरवत बसलो.

गेल्या चतुर्थीला डिचोलीकडच्या एका गिऱ्हाइकाच्या घरी घुमट-आरती ऐकली. चार घुमटं, एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आणि कांसाळं, म्हणजे मोठ्या झांजा. त्या मडक्यांतून जमिनीखालून आल्यासारखा आवाज निघत होता, तो वर्षभर डोक्यातून गेला नाही. येताना तिथल्या कुंभाराकडून दोन मडकी घेऊन आलो, बसमध्ये मांडीवर धरून.

पंचवीस वर्षं तबले मढवतोय. तबल्याला चुकलं तरी वाट असते. वादी म्हणजे चामड्याची पट्टी ओढायची, तिच्याखालचा लाकडी गठ्ठा सरकवायचा, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या काठावर, हातोडी मारायची. घुमटाला यातलं काही नाही. मधला काळा ठिपका, शाई, तीसुद्धा नाही. मोठ्या तोंडावर ओलं कातडं ताणायचं, काठाखाली दोरीनं आवळायचं आणि सुकू द्यायचं. बांधताना दिलेला ताण तोच शेवटचा. पहिलं मडकं मी तबल्याच्याच जोरानं आवळलं. रात्री कातडं सुकून आक्रसलं आणि काठाला चीर गेली. तबल्याचं लाकडी खोड एवढं सहज सोसतं, माती सोसत नाही. सकाळी ती चीर बघून खूप वाईट वाटलं. त्या कुंभाराचा हात चाकावर फिरताना मी पाहिला होता.

पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत. पातळ आणि चिवट. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. २०१९ मध्ये गोवा सरकारनं घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण घोरपड नाही म्हटल्यावर पुढची घुमटं बकऱ्याच्या कातड्यावरच उभी राहणार. म्हणून मला ते कातडं नीट जमवायचंय. डग्ग्याला चालतं तेवढं जाड इथे मंद वाजतं. मढवण्याआधी आतल्या बाजूनं तासून बऱ्यापैकी पातळ केलं होतं.

संध्याकाळी दुसरं घुमट गळ्यात अडकवलं. उजव्या हाताची थाप कातड्यावर, डावा तळवा मागच्या लहान तोंडावर. तोंड झाकलं की आवाज आतच राहतो, तळवा सोडला की घुमत बाहेर येतो. पहिल्या थापा कोरड्या गेल्या. मी डावा हात घट्ट दाबूनच धरत होतो.

आतल्या खोलीतून आबा म्हणाले, "अरे, त्याला श्वास घेऊ दे की."

हात सैल केला. मग आला तो आवाज, थोडासा, एकदाच. आबा काठी टेकत बाहेर आले, पुन्हा वाजव म्हणाले, आणि मडक्याच्या पोटाला हात लावून उभे राहिले.

अजून जाडच आहे. रात्री करडाचं कातडं भिजत घातलंय.