मॅनिफोल्ड बदलल्यानंतरचे अस्थिर आयडलिंग : माझा अनुभव

माझ्या चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डचा (सगळ्या सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या जोडणीचा) बोल्ट बसवायचा कान तुटला होता, म्हणून नाना पेठेतून त्याच इंजिनाचा वापरलेला ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड आणला आणि कोथरूडमधील एका गॅरेजमध्ये नव्या पॅकिंगसह बसवून घेतला. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. पण इंजिन गरम होताच आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १७०० पर्यंत चढायचे, इंजिन बंद पडेल असे वाटेपर्यंत खाली यायचे आणि लगेच पुन्हा चढायचे. कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभे राहणे नकोसे झाले.

गॅरेजच्या मुख्य मिस्त्रींनी स्कॅनर लावला, त्यावर एकही फॉल्ट कोड आला नाही, आणि तिथेच माझे म्हणणे ऐकून घेणे संपले. "साहेब, स्कॅनर क्लीन आहे. मॅनिफोल्ड तर आपण आत्ताच बसवलाय, तिथे काय असणार?" हे उत्तर मला इतक्या वेळा मिळाले की त्याचा राग अजूनही ओसरलेला नाही. आधी थ्रॉटल बॉडी (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप असलेला भाग) साफ झाली, मग प्लग बदलले गेले, त्यानंतर माझ्याच खर्चाने आयडल व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद असताना इंजिनाला लागेल तेवढी हवा सोडणारा) नवा आला, आणि शेवटी ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, बदलण्याची गोष्ट निघाली. ज्या कामानंतर बिघाड सुरू झाला, ते काम उघडून पाहायला मात्र कोणी तयार नव्हते.

कोड न येण्याचे कारण साधे आहे. काही इंजिनांत आत जाणारी हवा एअर फ्लो सेन्सर मोजतो. अशा इंजिनात सेन्सर आणि सिलिंडर यांच्यामध्ये कुठे हवा शिरली तर ती मोजली जात नाही, मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते) आणि तसा कोड येतो. माझ्या इंजिनात मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. गळतीतून आलेल्या हवेने दाब वाढतो, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो, मिश्रण जवळपास ठीक राहते आणि फक्त आरपीएम चढतात. थ्रॉटल बंद असताना आरपीएम ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ईसीयू पेट्रोल तोडतो, आरपीएम पडले की पुन्हा सोडतो. हेच ते खालीवर होणे. थंड इंजिनात ही मर्यादा वर असते, म्हणून सकाळी गाडी शहाण्यासारखी चालायची.

पुरावा त्याच स्कॅनरच्या लाइव्ह डेटात होता. आयडल व्हॉल्व्ह शून्य पायरीवर, म्हणजे पूर्ण बंद होता, आणि तरीही आरपीएम चढत होते. ईसीयूने आपली वाट बंद केली असताना इंजिनाला हवा मिळते, याचा अर्थ ती दुसरीकडून शिरते आहे. हे आकडे दाखवूनही मान्य होईना, तेव्हा मी गाडी तिथून काढली.

दुसऱ्या गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो हे पाहण्याची चाचणी) झाली आणि चौथ्या सिलिंडरच्या पोर्टच्या खालच्या बाजूने धूर निघाला. ही जागा वरून दिसतच नाही. गळती शोधायला क्लीनरचा स्प्रे मारतात आणि आरपीएम बदलतात का ते पाहतात, पण तो तिथे पोहोचत नाही, शिवाय गरम इंजिनावर आगीचा धोका असतो. मॅनिफोल्ड उतरवून त्याच्या तोंडावर सरळ पट्टी धरली, तर टोकाकडे फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) ०.२० मिलिमीटरची पात सहज आत गेली. भोसरीत हेड फेसिंग (इंजिनाच्या हेडचा पृष्ठभाग सपाट करण्याचे काम) करणाऱ्या वर्कशॉपमधून ते तोंड सपाट करून घेतले. आता आयडलिंग ८०० वर स्थिर आहे आणि त्याचे मला मनापासून समाधान आहे.

वापरलेला मॅनिफोल्ड घेताना सरळ पट्टी दुकानातच लावून पाहावी. नट मधून सुरुवात करून बाहेरच्या टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम मोजणारा व्हॅक्यूम गेज वापरणार असाल, तर पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्याने पुस्तकातील आकड्यापेक्षा साधारण २ इंच (पाऱ्याचे) कमी भरणे इथे स्वाभाविक आहे. बॅटरी काढली असेल, तर एसी बंद ठेवून इंजिन गरम होईपर्यंत आयडलवर चालू द्यावे, म्हणजे ईसीयू आयडलिंग नव्याने शिकतो. आणि हे सगळे करण्याआधी मॅनिफोल्डला जोडलेला ब्रेक बूस्टरचा (ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या भागाचा) व पीसीव्हीचा (इंजिनाच्या आतील वायू इनटेकमध्ये सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) पाइप एकेक करून चिमटून पाहावा. त्याने आरपीएम खाली आले, तर गळती त्या पाइपच्या बाजूला आहे आणि मॅनिफोल्ड खोलावा लागत नाही.