पीडीएफ आली, पुस्तक नाही आलं

आज एका ग्रुपवर जुन्या मराठी ग्रंथाची पीडीएफ आली. खाली लगेच शेरा: ‘चला, हेही डिजिटल झालं!’

कुठलं काय! ते नुसते पानांचे फोटो. सर्चमध्ये ‘शेतकरी’ टाका, काही सापडणार नाही. सहा इंची ई-बुक रीडरवर अक्षरं मुंगीएवढी, आणि फॉन्ट मोठा करायची सोय नाही.

डीटीपीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या फॉन्टांत जुळवलेल्या पुस्तकांची तऱ्हा वेगळी. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड. कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, नुसता कचरा उमटतो. त्याचं युनिकोड (सगळीकडे चालणारे प्रमाण अक्षर-कोड) करणारे कन्व्हर्टर आहेत, पण कुठल्या कोडला कुठलं अक्षर हा तक्ता जवळजवळ प्रत्येक फॉन्टचा निराळा. खरा घोळ घालते ती पहिली वेलांटी. जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. ‘स्थिती’त तिला अख्खं ‘स्थ’ ओलांडायचं असतं. अर्ध्या ‘स्’पाशीच थांबली की ठिपक्यांचं वर्तुळ हजर. रफाराचा प्रवास नेमका उलटा, नंतरून आधी.

नुसत्या फोटोंच्या स्कॅनसाठी ओसीआर आहे, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं तंत्र. पानं ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा. टेसरॅक्ट हा ओसीआर प्रोग्रॅम फुकट आहे, मराठीही वाचतो. पण शाई फिकी असली की घचा ध होतो, भचा म. म्हणजे प्रूफं तपासणारा माणूस हवाच, आणि नेमके त्याचेच पैसे कुणी धरत नाही. (स्कॅनरला मात्र देणगीदार मिळतो.)

प्रकाशक मंडळी, तुमच्या जुन्या पुस्तकांच्या मूळ फाइली आहेत का जागेवर? की छापखान्याच्या सीडीबरोबर गेल्या?