व्हेनिसला जाताय? आधी पूल मोजा

घरमालकिणीचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे: "स्टेशनपासून पंचवीस मिनिटं, सोपा रस्ता, चालतच या." आम्हाला एक तास वीस मिनिटं लागली. वाटेत नऊ पूल लागले. प्रत्येक पुलाला पंधरा-वीस पायऱ्या चढायच्या, जवळजवळ तेवढ्याच उतरायच्या, आणि आमच्या दोघांच्या हातात प्रत्येकी एकवीस किलोची बॅग. सगळ्यात आधी हेच लिहिते आहे, कारण निघण्यापूर्वी आम्ही जे जे वाचलं त्यात गोंडोला होता, सूर्यास्त होता, फोटो कुठे काढायचे ते होतं. या पायऱ्यांबद्दल कुणी चकार शब्द लिहिला नव्हता.

आम्ही दोघं डोंबिवलीचे, मूळचे रत्नागिरीकडचे. मे २०२५ मध्ये फ्लॉरेन्सहून रेल्वेने गेलो, चार रात्री राहिलो. दर पावसाळ्यात आमचे दोन-तीन गड होतात, त्यामुळे चालण्याचं भय नव्हतं. पुढचं सगळं मी तुम्हाला दिवसभर चालता येतं, पायात चांगले बूट आहेत, हे धरून लिहिते आहे. गुडघे दुखत असतील तर बॅग घेऊन हा रस्ता मुळीच धरू नका.

सांता लुचिया स्टेशनच्या बाहेर पडलं की समोर थेट ग्रँड कॅनॉल. त्या पहिल्या नजरेने माणूस हरखतो, आणि हरखल्या हरखल्याच आम्ही डावीकडे लिस्ता दी स्पान्यावरून चालायला लागलो. पहिला मोठा पूल पोंते देल्ले गुल्ये, टोकांना चार दगडी सुळके असलेला. इथे एका माणसाने न विचारताच माझी बॅग उचलली, पुलापलीकडे नेऊन ठेवली आणि वीस युरो मागितले. ह्यांनी पाच देऊन त्याला वाटेला लावलं. त्या पुलापाशी बॅगेचा हँडल सोडू नका, कुणी कितीही गोड हसलं तरी.

तिथून रिओ तेरा सान लिओनार्दो आणि स्त्रादा नोव्हा हे रुंद रस्ते येतात, म्हणून वाटतं की संपलं आता. ('रिओ तेरा' म्हणजे बुजवलेला कालवा. पाटीवर हे शब्द दिसले की तेवढ्या पट्ट्यात पूल नाही, एवढं ध्यानात ठेवा, फार उपयोगी पडतं.) संपत काहीच नाही. रुंद रस्त्याला मध्येमध्ये पूल आहेतच, आणि सांती आपोस्तोली चौक ओलांडला की गल्ल्या इतक्या अरुंद होतात की दोन बॅगा शेजारी शेजारी चालत नाहीत. दुपारचे बारा वाजलेले, समोरून माणसांचा लोंढा. पाचव्या पुलावर माझ्या बॅगेचं एक चाक तुटलं. सातव्या पुलावर हे म्हणाले, "अगं, तू इथेच थांब, मी दोन्ही एकेक करून नेतो." तसंच केलं. एक बॅग पलीकडे ठेवून ते परत येईपर्यंत मी पलीकडच्या बॅगेवर डोळे लावून उभी. उरलेले दोन्ही पूल असेच.

पत्ता सापडायला पंधरा मिनिटं वेगळी. व्हेनिसच्या सहा पेठा आहेत, त्यांना सेस्तिएरे म्हणतात, आणि घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नसून अख्ख्या पेठेत एकच माळ ओवल्यासारखे फिरतात. आमचा पत्ता कास्तेल्लो आणि पुढे पाच हजारांवरचा आकडा, एवढाच. गल्लीचं नाव नाही. उंच भिंतींमध्ये फोनवरचा निळा ठिपका उडी मारून कालव्याच्या पलीकडे जातो. घरमालकाकडून गल्लीचं नाव, जवळच्या चौकाचं नाव आणि दाराचा फोटो आधीच मागवून घ्या. चौकाला इथे काम्पो म्हणतात, गल्लीला काल्ले, कालव्याकाठच्या वाटेला फोंदामेंता. पियात्सा म्हणवणारा चौक शहरात एकच, सान मार्कोचा.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. घर ठरवताना 'स्टेशनपासून किती लांब' हे विचारूच नका. 'सगळ्यात जवळच्या बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत किती पूल' एवढंच विचारा. शून्य किंवा एक असं उत्तर आलं तरच पैसे भरा. उत्तर टाळलं तर घर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या बॅगा स्टेशनवरच सामानघरात ठेवायच्या आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवरच्या सॅकमध्ये घेऊन जायचं. चार रात्रींचं भाडं बरंच होतं, पण एक-दोन रात्रींसाठी मी डोळे मिटून हेच करेन. मेस्त्रेला, म्हणजे जमिनीवरच्या बाजूला राहणं स्वस्त पडतं आणि रेल्वेने दहा-बारा मिनिटांत बेटावर येता येतं. तरी मी ते सुचवणार नाही. संध्याकाळी दिवसाची गर्दी परत गेल्यावर जे व्हेनिस उरतं त्यासाठीच एवढा खर्च करून यायचं.

बोट म्हणजे व्हापोरेत्तो, आपल्या लाँचसारखीच. एका तिकिटाला ९.५० युरो, ७५ मिनिटं चालतं. भाव ऐकूनच आम्ही पहिल्या दिवशी बोट टाळली होती, आणि तीच चूक. २४ तासांचा पास २५ युरो, ४८ तासांचा ३५, ७२ तासांचा ४५. तीन दिवसांचा पास घ्या आणि मग दिवसाला सहा-सहा वेळा चढा-उतरा. पास असला तरी प्रत्येक वेळी धक्क्यावरच्या यंत्राला टेकवावा लागतो. तपासनीस येतात आणि 'माहीत नव्हतं' ऐकून घेत नाहीत, आमच्यासमोर एका जोडप्याला दंड झाला. विमानतळाच्या बोटी आणि बस साध्या पासात येत नाहीत, त्याचं वेगळं बघा. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलच्या जवळजवळ प्रत्येक थांब्याला लागते, दोन नंबरची थांबे गाळत जाते. रात्री नऊनंतर एक नंबरच्या बोटीत पुढची उघडी जागा मिळाली तर आख्खा कॅनॉल दिव्यांच्या उजेडात बघून होतो.

गोंडोल्याचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. हा दर अख्ख्या होडीचा आहे, माणशी नाही. कुणी माणशी सांगितला तर सरळ चालू लागा. आम्ही घेतला नाही आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. ग्रँड कॅनॉलवर पूल चारच आहेत, म्हणून मधल्या काही ठिकाणी माणसं पलीकडे नेणारी तर चालते, अगदी आपल्याकडे खाडी ओलांडायला असते तशी. नाव त्रागेत्तो, होडी गोंडोल्याचीच, फक्त साधी, दोन नावाडी, भाडं दोन युरो. सांता सोफियाहून रिआल्तोच्या मंडईकडे आम्ही तीनदा गेलो. दोन मिनिटांत पलीकडे, आणि पाण्याच्या इतकं जवळ की हात बुडवता येतो.

आता माशाचं. दुसऱ्या रात्री दमून सान मार्कोपासून दोन गल्ल्या आत एका खानावळीत बसलो. मेनूत पास्ता १८ युरोला आणि भट्टीत भाजलेला ब्रान्झिनो ९ ला. पास्त्याच्या निम्म्या किमतीत अख्खा मासा, तिथेच शंका यायला हवी होती, पण पोटात कावळे ओरडत होते. वेटरने ताटात मासा आणून दाखवला, "बेल्लिस्सिमो?" म्हणाला, आम्ही मान डोलावली. बिल आलं: मासा ८१ युरो. मी वेटरला बोलावलं. त्याने मेनूतल्या ९ च्या आकड्याखालचे बारीक अक्षरांतले शब्द दाखवले, 'आल्लेत्तो'. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. मासा नऊशे ग्रॅमचा होता. त्यावर पास्ता १८, पाण्याची बाटली ५, कोपेर्तो म्हणजे नुसतं टेबलाशी बसण्याचे माणशी ४ प्रमाणे ८, आणि एकूण ११२ वर बारा टक्के सर्व्हिस. १२५ युरो ४४ सेंट. बारा हजार रुपये, एका माशाचे आणि एका पास्त्याचे.

मी रत्नागिरीच्या जेटीवर मासे घेत मोठी झाले. कल्ले उघडून बघितल्याशिवाय आणि भाव ठरवल्याशिवाय मी सौंदाळाही घेतलेला नाही. म्हणून हे मनाला जास्त लागलं. पैसे पूर्ण दिले, कारण छापलेलं होतं आणि वाद घालण्याइतकी भाषा येत नव्हती. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून रिआल्तोच्या मासळीबाजारात गेले, मुद्दाम भाव बघायला. तोच मासा किलोला २२ युरो. आम्ही किलोला ९० च्या दराने खाल्ला होता. (बाजार रविवार-सोमवार बंद असतो, आणि दुपारपर्यंत आवरतो. सकाळी आठला जा. कोळंबी, माकूळ, खेकडे बघून माझा राग थोडा उतरला.)

तेव्हा पाठ करून ठेवा: मेनूत 'एत्तो' किंवा 'हेक्टोग्रॅम' दिसलं की तो भाव शंभर ग्रॅमचा. 'एस. क्यू.' दिसलं की वजनावर. मासा आणून दाखवला की मान डोलावण्याआधी विचारायचं, "क्वांतो पेझा? क्वांतो कोस्ता?" आणि आकडा कागदावर लिहून घ्यायचा. कोपेर्तो सगळीकडेच असतो, तो फसवणूक नव्हे, पण दारातल्या मेनूवर किती ते वाचून मगच आत शिरा. पाण्यासाठी पैसे घालवू नका, चौकाचौकांतल्या नळांचं पाणी पिण्याचं असतं, बाटली भरून घ्या. कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्यायली की स्वस्त, टेबलाशी बसलं की भाव वेगळा, आणि सान मार्कोच्या चौकात वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचेही माणशी पैसे लावतात. तिसऱ्या दिवसापासून आम्ही बाकारोमध्ये, म्हणजे तिथल्या छोट्या वाइन बारमध्येच जेवलो. काउंटरवर काचेआड चिक्केत्ती मांडलेले असतात, पावाच्या तुकड्यावर काहीतरी ठेवलेले छोटे घास, प्रत्येकाची किंमत समोर लिहिलेली. बोट दाखवायचं, खायचं, पैसे द्यायचे. शाकाहारी माणसाचंही भागतं, चीज, वांगं, आर्टिचोक हमखास असतं.

प्रवेशशुल्काबद्दल सगळे घाबरवतात. २०२४ पासून ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चारपर्यंत, फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांना ते लागतं. आमच्या वर्षी ५ युरो, ऐनवेळी भरलं तर १०. शहरात रात्री राहणाऱ्याला माफी आहे, पण ती आपसूक मिळत नाही. पालिकेच्या संकेतस्थळावर नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. आमची घरमालकीण हेही सांगायला विसरली. स्टेशनबाहेर विचारलं तेव्हा कळलं, मग बॅगांवर बसून फोनवर भरलं.

सान मार्को बासिलिका हे मोठं चर्च बघाच. आधी ऑनलाइन वेळ घ्या, खांदे-गुडघे झाका, सॅक आत नेऊ देत नाहीत. दर्शनी भागावरचे काशाचे चार घोडे प्रतिकृती आहेत, खरे वर संग्रहालयात ठेवलेत. १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या लुटीतून आणलेले, १७९७ मध्ये नेपोलियनने पॅरिसला नेलेले, १८१५ मध्ये परत आलेले. वरचं वेगळं तिकीट काढा, काटकसर करू नका. मी त्यांच्यासमोर बराच वेळ उभी होते. डोजच्या, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या शासनप्रमुखाच्या राजवाड्याचं तिकीट आमच्या वेळी महिनाभर आधी काढलं तर २५ युरो होतं, नाहीतर ३०. आत तीन तास सहज जातात.

सान मार्कोच्या मनोऱ्याच्या रांगेत उभं राहू नका. तो १९०२ मध्ये कोसळला आणि १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिला, दिसतो सुंदर, पण तो खालूनच बघा. सान झाकारियाहून दोन नंबरच्या बोटीने समोरच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावर जा. तिथल्या चर्चच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, आमच्या वेळी पुढे चारच माणसं होती, आणि वरून सान मार्को, त्याचा मनोरा, सगळं शहर एका नजरेत येतं. चार दिवसांत मला याहून मोठं काही दिसलं नाही. ह्यांना खाली चला म्हणावं लागलं, इतके ते रमले.

बुरानो बेटावरचा दिवस चांगला गेला. फोंदामेंते नोव्हेहून बारा नंबरची बोट. मुरानो या काचकामाच्या बेटावर काच बनवण्याचा फुकट कार्यक्रम दाखवतो म्हणून कुणी नेलं तर शेवटी दुकानात उभं करतात, हे धरून चला.

दमलात म्हणून पुलाच्या किंवा सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसू नका, दंड होतो. सार्वजनिक स्वच्छतागृहाला दीड युरो लागतो, सुटी नाणी खिशात ठेवा. एटीएम 'रुपयांत रूपांतर करू का' असं विचारतं, नाही म्हणा आणि युरोतच पैसे घ्या.

परतीला आम्ही शहाणे झालो होतो. पहाटे साडेपाचला निघालो, घरापासून सान झाकारियाच्या धक्क्यापर्यंत तीनच पूल. हाच रस्ता मेसेजमध्ये लिहिला असता तर! एक नंबरच्या बोटीत आम्ही दोघं आणि कामावर निघालेली पाच-सहा माणसं. धक्क्याला बोट लागली की खलाशी दोराचा फास खुंट्यावर टाकतो, ती करकरत थांबते, पुन्हा सुटते. रिआल्तोचा पूल अगदी रिकामा होता, एक माणूस नाही त्यावर. हे म्हणाले, "अजून दोन दिवस राहायला हवं होतं." मला तेच वाटत होतं, पण मी तुटक्या चाकाची बॅग गुडघ्यांत दाबून बसले होते.

फेरोव्हिया थांब्यावर उतरलात की स्टेशनच्या दारापर्यंत रुंद पायऱ्या आहेत. गाडीच्या वेळेत त्यांची पाच मिनिटं धरा.